ग्लास सजवायचा, पण प्यायचा की मांडायचा?



तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं लग्नतिथी निघतात आणि त्यांच्या पाठोपाठ संक्रांत येते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चालतं. रुखवतात मांडायला आणि वाण लुटायला सजवलेल्या वस्तू लागतात. अशा वेळी गटाच्या बैठकीत हा विषय हमखास निघतो: "ताई, मोबाइलवर ते चमकीचे, नावाचे ग्लास दाखवतात, तसे आपल्याला जमतील का?"

जमतील. पण मोबाइलवरचा व्हिडिओ जसाच्या तसा उचलला तर माल परत येईल, आणि एकदा माल परत आला की गटाचं नाव खराब होतं. तसं का होतं, आपल्या हातच्या कलेनं ते कसं टाळता येतं आणि भाव कसा लावायचा, हे या लेखात पाहू.

नावाचा ग्लास आपल्याला नवा नाही

भांड्यावर नाव घालायची रीत आपल्याकडं जुनी आहे. घरातली मांडणी उतरवून पाहा. कुणाच्या तांब्यावर "सप्रेम भेट" असतं, कुणाच्या ताटावर आजीच्या स्मरणार्थ म्हणून तारीख असते, कुठल्या वाटीवर लग्नाचं साल असतं. भांड्याच्या दुकानात मशीननं टक टक करून हे नाव घालून देतात. ते पिढ्यानपिढ्या टिकतं, कारण ते स्टीलमध्येच कोरलेलं असतं. वरून काही चिकटवलेलं नसतं. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

रुखवतही आपलंच. नारळ, सुपारी, कळस, तांब्या, पेला यांना मोती, लेस, कुंदन, टिकल्या लावून सजवणाऱ्या बाया गावोगाव आहेत. म्हणजे हात आहेत, नजर आहे. राहतं ते फक्त सामान आणि वापर यांचा मेळ घालणं.

व्हिडिओतला ग्लास आणि आपला ग्लास

व्हिडिओत परदेशातल्या बाया जे मोठे ग्लास सजवतात, ते बहुतेक दोन भिंतींचे असतात. एका ग्लासात दुसरा ग्लास आणि दोन्हींच्या मधली हवा काढून घेतलेली, आपल्या थर्मासासारखी. आत उकळता चहा ओतला तरी बाहेरची भिंत थंडच राहते. बर्फ टाकला तरी बाहेरून ओल येत नाही. त्यावर त्या चमकी लावतात, वरून रेझिन नावाचा पातळ पदार्थ ओततात आणि तो वाळेपर्यंत ग्लास एका छोट्या मोटरवर हळूहळू फिरवत ठेवतात, म्हणजे ओघळ एका बाजूला जमत नाही.

आपला नेहमीचा स्टीलचा ग्लास एकाच पत्र्याचा असतो. गरम चहा ओतला की पदराशिवाय धरवत नाही. उन्हाळ्यात माठातलं गार पाणी ओतलं की बाहेरून घाम येतो. आणि आपल्या घरात भांडी तारेच्या घासणीनं घासली जातात, काही ठिकाणी अजून राखेनंही.

मग काय होतं? उष्णतेनं गोंद मऊ पडतो, ओल त्याच्या खाली शिरते आणि घासणीनं उरलेलं निघतं. मोती एकेक करून मोरीत जातात. यात करणारीच्या हाताची काही चूक नसते. दोन भिंतींच्या ग्लासाची रीत एका भिंतीच्या ग्लासाला लावली, म्हणून असं होतं.

म्हणून ऑर्डर घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा: ग्लास मांडायचा आहे की प्यायचा आहे? दोन्हींची कामं वेगळी आहेत.

मांडायचा ग्लास

रुखवतातला, देवघरापुढचा, शोकेसमधला ग्लास रोज धुतला जात नाही. त्यावर कुंदन, मोती, आरसे, गोटापट्टी, जुन्या बांगड्या, सुतळी, लोकर, काहीही चालतं. फक्त ते नीट चिकटायला हवं. स्टील गुळगुळीत असतं, म्हणून आधी त्याची तयारी करावी लागते.

१. ग्लास साबणानं धुऊन पूर्ण कोरडा करा.
२. जिथं सजावट येणार तेवढाच पट्टा बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासा. चमक जाऊन पत्रा थोडा खरखरीत झाला पाहिजे, म्हणजे गोंदाला पकड मिळते.
३. ओल्या फडक्यानं पूड पुसा, मग स्पिरिटनं पुसा. त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. बोटांचं तेलही गोंदाची पकड घालवतं.
४. पेन्सिलीनं वर, मध्ये आणि खाली रेघा आखून घ्या. ग्लास वर रुंद आणि खाली अरुंद असतो, त्यामुळं अंदाजानं लावलेली ओळ तिरपी जाते.
५. मोठे खडे आधी, बारीक मोती नंतर.

आता गोंदाचं.

*पांढरा फेविकॉल:* कागद, लाकूड, कापड यांना उत्तम. स्टीलला धरत नाही आणि पाण्यानं सुटतो. ग्लासाला नको.

*ग्लू गन:* काम झटपट होतं. पण तिची कांडी गरम केल्यावर वितळते, म्हणजे चिकटवल्यावरही गरम झाली की मऊ पडणारच. चहाच्या ग्लासाला तर नकोच. मांडायच्या वस्तूला चालते, पण मे महिन्यात पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या टेम्पोत माल ठेवू नका.

*फेविक्विकसारखा झटपट गोंद:* थेंबभर पुरतो, पण वाळताना आजूबाजूच्या आरशावर आणि कुंदनावर पांढुरकी वाफ धरतो आणि चमक जाते. बोटंही चिकटतात.

*दोन नळ्यांचा गोंद, अॅरल्डाइटसारखा:* स्टीलवर सगळ्यात पक्का. दोन्ही नळ्यांतलं सारखं माप घ्या, नीट कालवा आणि लागेल तेवढाच एका वेळी करा. चिकटवल्यावर २४ तास हात लावू नका.

प्यायच्या ग्लासाला झबलं

प्यायच्या ग्लासावर मी म्हणेन, काहीच चिकटवू नका. त्याऐवजी त्याला कापडाचं झबलं शिवा. बाळाला घालतो आणि काढतो तसं ग्लासालाही घालायचं आणि धुताना काढायचं. ग्लास हवा तसा घासा, झबलं साबणाच्या पाण्यात हातानं धुवा.

आणि इथं आपली गोधडी कामाला येते. दोन भिंतींचा ग्लास जे काम करतो, तेच काम गोधडी करते. पदरांच्या मध्ये अडकलेली हवा उष्णता सहजासहजी जाऊ देत नाही. गोधडीसारखं शिवलेलं झबलं घातलं की गरम चहाचा ग्लास हातात धरता येतो, आणि गार पाण्याचा घाम टेबलावर न सांडता कापडात जिरतो.

कृती अशी:

१. माप. ग्लास वर रुंद असल्यानं सरळ पट्टी त्याच्यावर नीट बसत नाही. वर्तमानपत्र अंथरा, ग्लास आडवा ठेवा आणि एक पूर्ण फेरी हळूच गडगडवा. एकीनं ग्लास फिरवायचा, दुसरीनं तळाच्या कडेबरोबर पेन्सिल चालवायची. पुन्हा पहिल्या जागी आणून तशीच फेरी घ्या आणि आता तोंडाच्या कडेची रेघ ओढा. कागदावर दोन कमानी उमटतील. त्यांची टोकं जोडली की हाच आपला आकार. आता वरच्या कमानीपासून दोन बोटं आणि खालच्या कमानीपासून एक बोट कमी करा. शिवणीला अर्धा इंच सोडून कापा. हा कागद जपून ठेवा, त्यावर ग्लासाचं माप लिहा. पुढच्या ऑर्डरीला तोच उपयोगी पडतो.

२. कापड. वरून खण किंवा जुन्या साडीचा भाग, मध्ये जुन्या सुती लुगड्याचे एकदोन पदर, आत अस्तर. खणाचा रंग जातो का ते आधी बघा. कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यात दाबा. फडक्याला रंग लागला तर ते कापड आधी धुऊन घ्या किंवा बाजूला ठेवा.

३. धावदोरा. तिन्ही पदर एकत्र धरून गोधडीसारखा बारीक धावदोरा घाला. वेगळ्या रंगाचा दोरा घेतला तर तीच नक्षी दिसते.

४. सजावट. आरसे, टिकल्या, मोती, कवड्या सगळं टाकून शिवायचं, चिकटवायचं नाही. साडीचा जरीचा काठ कमानीत वळत नाही, सुरकुततो. म्हणून त्याचे छोटे तुकडे करून उभे लावा. नाव घालायचं तर साखळी टाक्यानं घाला.

५. बंद. मागं बटण आणि काज किंवा दोन नाड्या. खालच्या कडेत बारीक इलॅस्टिक घाला, नाहीतर ग्लास उचलला की झबलं खाली घसरतं.

आपल्या भागातल्या तांड्यांवर बंजारा बाया फेटिया-काचळीवर आरसे आणि कवड्यांचं जे काम करतात, ते या झबल्यावर फार खुलतं. पण एक गोष्ट सांगते. ते काम बघून बाकीच्यांनी नुसती नक्कल करू नये. तांड्यावरच्या गटातल्या ताईला कामात घ्या, तिच्या टाक्याची मजुरी वेगळी धरा आणि वस्तूवरच्या चिठ्ठीत बंजारा कामाचा उल्लेख करा. घेणाऱ्यालाही त्याचं मोल कळतं.

कवडी लावताना आपल्या गावची रीत लक्षात ठेवा. राणीसावरगाव हे रेणुकामातेचं गाव आहे, आणि देवीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. त्यामुळं कवडी वरच्या ओळीत लावा, तळाशी नको. त्याच कारणानं देवाचं चित्र किंवा देवाचं नाव प्यायच्या ग्लासावर घेऊ नका. ग्लास उष्टा होतो, खाली ठेवला जातो, आणि कुणाचं मन दुखावतं. देवाच्या नावाची ऑर्डर आली तर ती मांडायच्या ग्लासावर घ्या.

या गोष्टी सोडायच्या नाहीत

*काठ मोकळा.* ग्लासाच्या तोंडापासून २० मिलिमीटरची पट्टी ओठांचा भाग म्हणून जगभर वेगळी धरली जाते, कारण तिथला रंग सरळ पोटात जाऊ शकतो. आपण सोपं माप ठेवू: वरून दोन बोटं काहीच नको. आणि ग्लासाच्या आत तर कधीच काही नको. रंग नको, चमकी नको, वार्निश नको.

*रंग बघून घ्या.* काही रंगांत शिसं असतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणं घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. १ नोव्हेंबर २०१७ पासून हा नियम लागू आहे आणि डब्यावर तसं लिहिलेलं असतं. म्हणून सुट्टा, बिननावाचा, कुणीतरी उरलेला दिलेला रंग वापरू नका.

*रेझिन.* मोबाइलवर जे काचेसारखं चमकतं ते हे. कच्चं रेझिन अंगाला लागलं तर खाज सुटते, पुरळ येतं, आणि एकदा त्वचेला त्याचा त्रास सुरू झाला की पुढं थोडं लागलं तरी तो पुन्हा होतो. हातमोजे घातल्याशिवाय आणि दारं-खिडक्या उघडल्याशिवाय ते काम करू नका. गरोदर बाई आणि लेकरं जवळ नकोत. साधं रेझिन चहाच्या उष्णतेनं मऊ पडतं आणि उन्हात पिवळंही पडतं. शिकल्याशिवाय यात पैसा घालू नये, हे माझं मत.

*लहान मुलं.* बारशाला किंवा वाढदिवसाला भेट द्यायच्या ग्लासावर मणी, खडे, टिकल्या नकोत. सुटलेला मणी लेकरू तोंडात घालतं आणि तो घशात अडकतो. तिथं नुसती भरतकामाची नक्षी आणि नाव द्या.

*परीक्षा घ्या.* विकण्याआधी नमुन्याचा एक ग्लास आपल्याच घरी वापरा. तीन दिवस रोज उकळता चहा ओता, गार पाणी ठेवा, धुवा. एक दिवस उन्हात ठेवा. जे टिकेल तेच विका.

भाव काढताना आपला हात मोजा

आता सगळ्यात महत्त्वाचं. सामानाचा हिशेब आपण पैशा-पैशानं करतो, पण आपल्या बसल्या वेळेचा हिशेब कुणी करत नाही. "घरीच तर असते, दुपारी बसून करते," असं म्हणून आपणच आपली मजुरी शून्य धरतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. तुम्ही आपल्या बाजारातले भाव टाका. समजा २४ ग्लास झबल्यासह करायचे आहेत.

२४ ग्लास, ५० रुपयांप्रमाणं: १२०० रुपये
कापड, अस्तर, दोरा, आरसे, २० रुपयांप्रमाणं: ४८० रुपये
पिशवी आणि चिठ्ठी, ५ रुपयांप्रमाणं: १२० रुपये
गंगाखेडला जाणं-येणं: २०० रुपये
सामान एकूण: २००० रुपये

म्हणजे ग्लास ८४ रुपयांना पडला. आपण म्हणतो, ११० ला विकू, २६ रुपये सुटतील. २४ ग्लासांचे २६४० आले, ६४० उरले. छान वाटतं. पण एका झबल्याला तास लागत असेल तर २४ तास गेले. ६४० भागिले २४ करा. तासाला २७ रुपयेसुद्धा पडत नाहीत. आठ तास मान मोडून बसलं तरी २१३ रुपये. आता आपल्या गावात खुरपणीला काय रोज मिळतो, त्याच्याशी ताडून बघा.

आता मजुरी धरून हिशेब करू. तासाला ५० रुपये धरले तर २४ तासांचे १२००. सामानाचे २०००. एखादा नग बिघडतो, त्याचे १००. झाले ३३००. त्यावर गटाचा वाटा १० टक्के, म्हणजे ३३०. एकूण ३६३०. भागिले २४, म्हणजे साधारण १५१. भाव ठेवा १५५.

कुणी म्हणेल, १५५ चा ग्लास वाणाला कोण घेणार? त्यालाही वाट आहे. गिऱ्हाइकाच्या घरी ग्लास असतातच. नुसतं झबलं विका. ग्लासाचे १२०० गेले की सामान ८०० चं राहतं. मजुरी १२००, नुकसान १००, गटाचा वाटा २१०. एकूण २३१०, म्हणजे नगामागं साधारण ९६. शंभर रुपयांत झबलं देता येतं, आपली मजुरीही पूर्ण सुटते आणि गटातून २००० ऐवजी ८०० रुपयांतच काम सुरू होतं. फक्त त्यांचा एक ग्लास मापाला मागून घ्या.

त्याहून स्वस्त हवं असेल तर आरसे कमी करा, धावदोरा कमी करा, वेळ कमी लागेल असं करा. काम कमी करायचं, मजुरी कमी करायची नाही.

नावाची ऑर्डर घेताना

साधी वस्तू एकानं नाही घेतली तर दुसरा घेतो. नावाची वस्तू दुसऱ्याला विकता येत नाही. "वैष्णवी" नावाचा ग्लास वैष्णवीनं सोडला तर तो आपल्याच घरात राहतो. म्हणून:

१. निम्मे पैसे आगाऊ घ्या. जवळची असली तरी घ्या. पावती द्या.
२. नाव गिऱ्हाइकाकडूनच कागदावर लिहून घ्या किंवा मोबाइलवर मागवा. वेलांटी, उकार, आडनाव परत वाचून दाखवा. फोनवर ऐकून नाव घालू नका.
३. देण्याची तारीख दोन दिवस अलीकडची धरून काम वाटा. संक्रांतीच्या वाणाचं काम मार्गशीर्षातच हाती घ्या.
४. कुणी किती नग केले आणि कुणाला किती मजुरी गेली, हे गटाच्या वहीत त्याच दिवशी लिहा. वाद होतो तो पैशांपेक्षा न लिहिलेल्या हिशेबावरून.
५. प्रत्येक नगासोबत चिठ्ठी द्या. प्यायच्या ग्लासाला: "झबलं काढून ग्लास धुवा. झबलं हातानं धुवा, सावलीत वाळवा." मांडायच्या ग्लासाला: "हा ग्लास शोभेचा आहे. पिण्यासाठी वापरू नये. कोरड्या फडक्यानं पुसावा." खाली गटाचं नाव.

ज्यांना स्टीलवरच नाव हवं त्यांना भांड्याच्या दुकानातून मशीननं घालून आणून द्या. तो खर्च आणि फेरी भावात धरा.

एकदम शंभर नगांचं सामान भरू नका. आधी सहा नमुने करा: तीन मांडायचे, तीन झबल्याचे. ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा, बायांना हातात घेऊ द्या, काय आवडलं आणि किती पैसे देतील ते विचारा. नवरात्रात देवीच्या दर्शनाला गर्दी होते, तेव्हा छोटी मांडणी करून बघता येते. हात बसला, माल टिकतो अशी खात्री झाली, की मग "उमेद" अभियानाच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनाचा विचार प्रभागसंघात करता येईल. तिथं शहरातलं गिऱ्हाईक येतं, आणि गोधडीच्या टाक्याची, बंजारा कामाची किंमत त्याला सांगता आली पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातला एक ग्लास, एक जुना सुती तुकडा आणि वर्तमानपत्राचं पान आणा. ग्लास गडगडवून माप काढायला पाच मिनिटं लागतात. ते एकदा हाताखालून गेलं की बाकीचं तुम्हाला येतंच. आणि एक घड्याळही जवळ ठेवा. पहिलं झबलं शिवायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा, भाव तिथूनच काढायचा आहे.